विद्येसाठी काढलेले कर्ज



वेरूळला घृष्णेश्वराच्या वाटेवर बेल आणि फुले विकणारी जी दुकाने आहेत, त्यांपैकी एक माझ्या वडिलांचे. त्या दुकानात गल्ल्याशेजारी खुंटीला लाल कापडी बांधणीची एक वही कित्येक वर्षे टांगलेली असे. गिऱ्हाइकांच्या उधारीची ती वही नव्हे. फुलांचा धंदा रोखीचा असतो. तीत एकच खाते होते आणि ते माझ्या नावाचे होते. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी मी २००८ साली बँकेकडून कर्ज काढले, आणि २०१३ पासून जो जो हप्ता भरला, तो तो वडिलांनी तारीखवार त्या वहीत उतरवून घेतला. २०२२ च्या दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात बँकेने मला बेबाकीचा दाखला दिला. त्या दिवशी वडिलांनी शेवटच्या ओळीखाली एक आडवी रेघ ओढली आणि वही खुंटीवरून काढून माझ्या हाती दिली. ती वही समोर ठेवूनच आज मी आपणांशी बोलणार आहे.

शिक्षणासाठी काढलेले कर्ज थोडे थोडे करून कसे फेडावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय रूक्ष आहे हे मी जाणतो. परंतु ज्या घरात असे कर्ज आहे, त्या घरात तो रूक्ष राहत नाही. मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे आपण पेढे वाटतो. त्याच प्रवेशासाठी कर्ज मंजूर झाले ही गोष्ट मात्र शेजारच्या खोलीत हळू आवाजात सांगतो. लग्नासाठी काढलेल्या कर्जाची कोणाला लाज वाटत नाही आणि विद्येसाठी काढलेल्या कर्जाची वाटते, हा प्रकार मला नेहमीच विचित्र वाटत आला आहे. आणि जी गोष्ट आपण बोलत नाही, तिचा हिशेबही आपण नीट करीत नाही. म्हणून आरंभी हिशेबच करू.

समजा, एका विद्यार्थ्याने चार वर्षांच्या शिक्षणासाठी दरवर्षाच्या आरंभी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये उचलले, आणि व्याजाचा दर दरसाल दहा टक्के आहे. शिक्षण संपेपर्यंत आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. ही सवलत बहुतेक बँकांच्या शैक्षणिक कर्जांत असते. हप्ता नाही, याचा अर्थ व्याज नाही असा पुष्कळांचा समज होतो. तो चुकीचा आहे. या काळात सरळव्याज चालूच असते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस आणि चौथ्यावर वीस, असे एकूण १,४०,००० रुपये व्याज साठते आणि ते मुद्दलात मिळवले जाते. म्हणजे ज्या दिवशी पहिला हप्ता भरावयाचा, त्या दिवशी कर्ज चार लाखांचे नसून ५,४०,००० रुपयांचे झालेले असते.

हे कर्ज दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ७,१३६ रुपयांचा हप्ता पडतो. त्या पहिल्या हप्त्यातून व्याजाकडे ४,५०० रुपये जातात आणि मुद्दल कमी होते ते केवळ २,६३६ रुपयांनी. वर्षभर बिनचूक हप्ते भरले म्हणजे आपल्या खिशातून ८५,००० हून अधिक रुपये गेलेले असतात. कर्ज मात्र ३३,००० रुपयांनी उतरलेले दिसते. पाच वर्षे, म्हणजे बरोबर अर्धी मुदत, संपली तरी ३,३५,००० हून अधिक रुपये देणे बाकीच असते. अर्धे कर्ज फिटलेले दिसावयास पंचाहत्तरावा हप्ता उजाडावा लागतो. सहा वर्षे उलटून गेलेली असतात!

हे आकडे मी आपणांस भिववण्यासाठी सांगत नाही. माझा अनुभव असा की, तरुण मनुष्य कर्जाच्या ओझ्याने जितका खचत नाही, तितका या पहिल्या दोन-तीन वर्षांत खचतो. आपण भरतो आहोत आणि काहीच घडत नाही, असे त्याला वाटू लागते. हप्ता हा त्याला दंड वाटतो. आणि एकदा दंड वाटू लागला म्हणजे तो चुकवण्याकडे मन धावते.

आमच्या गावी कैलास लेणे आहे, हे आपण सर्व जाणता. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकीर्दीत त्याचे मुख्य काम झाले, असे इतिहासकार मानतात. त्याचे अंगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून मागचा कडा १०७ फूट उंच आहे. हे मंदिर बांधलेले नाही. डोंगर फोडून, माथ्यापासून पायथ्याकडे, वरून खाली असे ते कोरलेले आहे. कोरताना बाजूला काढलेला दगड दोन लाख टनांच्या आसपास असावा, असा अंदाज सांगितला जातो. लहानपणी मी अनेकदा त्या कड्याच्या माथ्यावर उभा राहून खाली पाहिले आहे. ज्या पाथरवटांनी आरंभी डोंगराच्या पाठीवर चर खणावयास घेतले, त्यांना काय दिसत असेल? मंदिर नाही, खांब नाही, हत्ती नाही. खडकातले चर आणि बाजूला पडलेली कपची, एवढेच. तरीही त्या चराशिवाय पुढचे काही होणे शक्य नव्हते. पहिल्या वर्षांचा हप्ता हा त्या चरासारखा आहे. त्यातून शिखर दिसत नाही. परंतु जे निघाले ते निघाले, ते पुन्हा फोडावे लागत नाही.

ही तुलना एका ठिकाणी थांबते, आणि तेही सांगितले पाहिजे. काम बंद ठेवले म्हणून डोंगर रात्रीतून वाढत नाही. कर्ज वाढते. हे मी स्वतः चुकून शिकलो.

पदवीनंतर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मला नोकरी लागली आणि तीन वर्षे हप्ते सुरळीत गेले. २०१६ साली आमचा विभाग बंद झाला आणि माझी नोकरी गेली. पहिला महिना शिल्लकीवर निभावला. दुसऱ्या महिन्यापासून हप्ता भरला नाही, तिसऱ्यातही नाही, चौथ्यातही नाही. मी रोज सकाळी डबा घेऊन घरून निघत असे आणि कामावर जात आहे असे दाखवीत असे. रविवारी वडील वही उघडून विचारीत, ‘या महिन्याची तारीख सांग.’ मी तारीख सांगत असे. न भरलेल्या तीन हप्त्यांच्या तीन तारखा माझ्या तोंडच्या ऐकून त्यांनी वहीत लिहिल्या. त्या तीन ओळी आजही या वहीत आहेत. पुढे त्यांनी त्या खोडल्या, पण वाचता येतात.

बँकेचे पत्र आले ते माझ्या नावाने नव्हे, त्यांच्या नावाने आले. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात, ही गोष्ट सही करताना आपण वाचतो आणि विसरतो. मुलाचा हप्ता चुकला तर डाग दोघांच्या पतीवर पडतो. ज्या मनुष्याने जन्मात कोणाची पै बुडवली नाही, त्याला थकबाकीदार म्हणून लिहिलेले पत्र त्याने फुलांच्या पाट्यांमध्ये बसून एका ओळखीच्या गाइडकडून वाचून घेतले. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ते रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, ‘पोरा, हप्ता हुकला त्याचं काही वाटत नाही. तू मला बोलला नाहीस, त्याचं वाटलं.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बँकेत गेलो. मला वाटले होते, तेथे आमचा अपमान होईल. तसे काही झाले नाही. व्यवस्थापकांनी कागद पाहिले आणि विचारले, ‘आधी का आला नाहीत?’ हप्ता सलग नव्वद दिवसांहून अधिक थकला म्हणजे ते खाते अनुत्पादक ठरते, आणि तसे ठरल्यावर बँकेचेही हात बांधले जातात. त्याआधी आले तर मुदत वाढवून हप्ता लहान करून घेण्याची विनंती करता येते, असे त्यांनी समजावून सांगितले. आम्ही काठावर होतो. वडिलांनी त्याच दिवशी एक हप्ता भरला, मुदत वाढली, हप्ता उतरला. चार महिन्यांनी मला दुसरी नोकरी लागली. त्यानंतर माझ्या हातून एकही तारीख चुकली नाही. याचे श्रेय माझ्या निश्चयाला कमी आणि वहीतल्या त्या तीन खोडलेल्या ओळींना अधिक आहे.

शिकण्यासाठी पैसा उसना घेणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली भारतीयांच्या उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. तो देणगीचा नव्हता. परदेशी शिकावयास जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देण्याचा होता. त्याच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या. पुढे कोल्हापुरातच जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले, तेही याच निधीच्या साहाय्याने. या योजनेतले मर्म मला फार मोलाचे वाटते. एकाने फेडलेला पैसा दुसऱ्याच्या प्रवासाला लागावा, अशी तिची घडणच आहे. दान एकदा दिले की संपते; परतलेले कर्ज पुन्हा दारातून बाहेर पडते. आपण बँकेत हप्ता भरतो तेव्हा तो एखाद्या खोल विहिरीत पडतो असे आपणांस वाटते. वस्तुतः तो रांगेत आपल्या मागे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी प्रवेशाची रक्कम असतो.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे आणि याहून कठोरही आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि तिच्या बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. पैशाने नव्हे तर सेवेने फेडावयाचे हे ऋण होते. १९१७ साली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून, ते करार पाळण्यासाठी परतले आणि बडोद्यास रुजूही झाले. त्यानंतर काय घडले ते सर्वश्रुत आहे. अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. जेथे मिळाली तेथून त्यांना घालवून देण्यात आले. अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. ऋणको फेडण्यास उभा होता. त्याला फेडू दिले नाही ते समाजाने.

पुढे मुंबईस सिडनम कॉलेजात १९१८ पासून १९२० पर्यंत त्यांनी अध्यापन केले. परळच्या चाळीत राहून, पगारातून शिल्लक टाकून, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेऊन आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य मिळवून १९२० साली ते अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना तेथील डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. तो प्रबंध लिहिणाऱ्याला एकेका रुपयाचे मोल पुस्तकांबाहेरही पुरते ठाऊक होते!

हेच बाबासाहेब १९३४ साली वेरूळची लेणी पाहण्यासाठी सहकाऱ्यांसह या भागात आले असता, वाटेत दौलताबादच्या किल्ल्याजवळ हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून त्यांना अडवण्यात आले. आणि याच जिल्ह्यात, १९५० साली, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज उघडले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. ज्या मुलखात त्यांना पाण्याला हात लावू दिला नाही, त्या मुलखातल्या मुलांसाठी त्यांनी विद्येची पाणपोई घातली. याला मी ऋण फेडणे म्हणतो, आणि ते कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते.

बडोद्याच्या हकिकतीतून आजच्या काळासाठीही एक गोष्ट घ्यावयाची आहे. विद्यार्थी कर्ज फेडील हे खरे. पण त्यासाठी त्याला काम मिळाले पाहिजे, राहावयास जागा मिळाली पाहिजे. हप्ता चुकला की आपण त्याच्या चारित्र्याचा न्याय करू लागतो. त्यापूर्वी निदान एवढे विचारावे की, त्याला फेडता येईल अशी वाट आपण मोकळी ठेवली होती काय?

आता ज्या घरांत असे कर्ज आहे किंवा निघावयाचे आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट विचारण्याची. शिक्षणकाळातले व्याज सरकारने सोसावे, अशी केंद्र सरकारची योजना २००९ साली सुरू झाली. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील, धंदेशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती होती. आमचे घर तीत बसत होते. आम्ही अर्ज केला नाही, कारण आम्ही कोणाला विचारलेच नाही. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पंतप्रधान विद्यालक्ष्मी ही योजना मंजूर केली. तीत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीन यांवाचून कर्जाची सोय असून, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याजाची सूट आहे. अटी पाहाव्या, मुदती पाहाव्या, आणि बँकेत जाऊन विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारण्याची किंमत मात्र व्याजासह द्यावी लागते.

दुसरी गोष्ट व्याजाची. शक्य असेल तर शिकत असतानाच निदान व्याज भरीत जावे. मघाच्याच उदाहरणात ते १,४०,००० रुपये वेळच्या वेळी भरले गेले, तर हप्ते सुरू होताना कर्ज चार लाखांचेच राहते, हप्ता सुमारे ५,२८६ रुपयांचा पडतो, आणि शेवटपर्यंतच्या एकूण खर्चात ८०,००० हून अधिक रुपये वाचतात. सगळे व्याज भरणे जमणार नाही. जेवढे जमेल तेवढे भरावे.

तिसरी गोष्ट थोडक्या जादा भरण्याची. त्याच ५,४०,००० रुपयांच्या कर्जावर ७,१३६ ऐवजी दरमहा एक हजार रुपये अधिक भरले, तर १२० हप्त्यांचे काम सुमारे ९७ हप्त्यांत होते. जवळजवळ दोन वर्षे सुटतात आणि ६६,००० च्या वर रुपये वाचतात. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड नाही. वाढलेल्या पगारातली पहिली वाढ कर्जाला द्यावी, असा मी नियम केला होता. जी वाढ आपण कधी खर्चलीच नाही, तिची उणीव भासत नाही. मात्र त्याआधी तीन हप्त्यांइतकी रक्कम निराळी काढून ठेवावी. माझ्याजवळ २०१६ साली ती असती, तर आजचे भाषण बरेच लहान झाले असते.

चौथी गोष्ट आईवडिलांना सांगावयाची आहे. मुलाने कर्ज किती भरले हे जसे विचारता, तसे ‘या महिन्यात जमेल ना?’ हेही विचारावे, आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून विचारावे. ज्या घरात ‘नाही’ म्हणता येते, त्या घरात खोट्या तारखा सांगाव्या लागत नाहीत. हप्ता कधीतरी चुकेल. मनुष्य आहे, काळ आहे. चुकलेला हप्ता भरून काढता येतो. लपवलेला हप्ता आधी उघडा करावा लागतो आणि मग भरावा लागतो. आणि त्यातले पहिले काम दुसऱ्याहून फार कठीण असते.

माझी धाकटी बहीण सध्या परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. तिच्यासाठीही कर्ज काढले आहे. गेल्या महिन्यात वडिलांनी तिच्या नावाची नवी वही आणली आणि त्याच खुंटीला लावली. तिने पहिले पान उघडून पाहिले, तर वरच्या ओळीत तिच्या नावाआधी वडिलांनी स्वतःचे नाव लिहिलेले होते आणि त्याखाली माझे. तिने विचारले, ‘कर्ज माझं, मग ही दोन नावं कशाला?’ वडील गिऱ्हाइकाला बेलाची पाने मोजून देत होते. मान वर न करता ते म्हणाले, ‘कुणाला तरी सांगायला नको का?’